तळहातावरचा रस्सा

"खाली ठेव ती वाटी! पैली खाली ठेव, मग तोंड उघड!"

हा माझा थोरला भाऊ ओरडत होता. ओरडत होता म्हणजे कसा, तर राजारामपुरीतल्या ज्या गल्लीत त्यानं त्या रविवारी हॉटेल उघडलं, तिच्या दुसऱ्या टोकाला एक क्लास आहे. तिथली पोरं गणित टाकून खिडकीला लटकली. कोपऱ्यावरच्या सिटी बसच्या ड्रायव्हरला वाटलं, आपल्यालाच कुणी थांबवतंय. त्यानं करकचून ब्रेक मारला. मी पदरचं काही घालत नाही. आमच्या घराण्यात बारीक आवाजाचं मूल जन्मलं तर त्याला डॉक्टरकडं नेतात.

आणि मी असं केलं काय होतं? त्याच्या तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, आणि भरल्या हॉटेलात शेवटच्या टेबलापर्यंत जाईल अशा बेतानं म्हणालो, "मीठ कमी हाय."

बस्स. एवढंच. पण कोल्हापुरात माणसाला त्याच्या शिक्षणावरून बोला, कपड्यावरून बोला, तो हसून सोडून देईल. रश्श्यावरून बोललात तर त्याच्या नातवंडांनासुद्धा तुमचं तोंड लक्षात राहतं.

"कमी हाय? कुणाला कमी हाय? एवढी माणसं बसल्यात, एकाला तरी कमी वाटलं का? तुझी जीभ कवाच मेलीया!"

"मेलीया खरं," मी म्हणालो. "पण आत्ताच. तुझा रस्सा लागल्यावर."

पलीकडच्या टेबलावर गडहिंग्लजकडचे एक पाहुणे बसले होते. अंगानं असे की त्यांच्यासमोरची थाळी बशीसारखी दिसत होती. ते हसले आणि भाकरीचा घास हातातच धरून आमच्याकडं वळून बसले. माणूस जेवता जेवता थांबला म्हणजे भांडण चांगलं रंगलंय, असं समजायचं.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, काउंटरच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत आमची आई. गळ्यात झेंडूचा हार, ओटीत लसूण. आई माझ्याकडं राहते. त्या दिवशी सकाळीच थोरल्यानं 'आशीर्वादाला पाहिजे' म्हणून गाडी पाठवून तिला नेलं, आणि इथं आणून देवीसारखी मांडून ठेवलं. येणारा प्रत्येक जण तिच्या पाया पडायचा, फोटो काढायचा आणि आत जाऊन मटण खायचा. तिला रिकामं बसवत नाही, म्हणून तिनं मुदपाकखान्यातनं लसूण मागून घेतला होता आणि एकेक पाकळी सोलत होती. आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून ओरडत होतो, आणि ती मान वर करत नव्हती.

आता पाटीचं सांगतो, कारण खरं भांडण मिठाचं नव्हतंच.

हॉटेलच्या दारावर थोरल्यानं पाटी लावली होती. पाटी कसली, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावतात तसा चांगला तीन मजली फलक. वर लिहिलेलं: 'चव आईच्या हाताची, पारख थोरल्या लेकाच्या जिभेची!' खाली आईचा फोटो. तिच्या शेजारी हे महाशय, हातात पळी, जीभ थोडी बाहेर, डोळे मिटलेले, जणू समाधी लागलीय. मी त्या पाटीवर कुठंच नाही. जागा नव्हती म्हणावं तर तेही नाही. एका कोपऱ्यात कोंबडा काढला होता. मटणाच्या हॉटेलावर कोंबड्याला जागा आहे आणि सख्ख्या भावाला नाही!

आत गेलो तर आणखी चीड. भिंतीला बैलगाडीचं चाक. छताला कंदील. आमच्या घरी कधी बैल नव्हता, आणि कंदील होता तो वीज गेल्यावर सापडायचा नाही. थाळीचं नाव काय, तर 'आठवण'. नळी घेतली तर वेगळी, तिचं नाव 'बालपण'. ज्या माणसानं माझं अख्खं बालपण माझ्या ताटातली नळी पळवण्यात घालवलं, तो आता तीच नळी लिंबाची फोड लावून लोकांना विकतोय! हल्ली हा रोगच आलाय. जो उठतो तो लहानपण शिजवायला घेतो. लोकही असे की घास तोंडात गेला की डोळे भरून आणतात. अरे, तिखटानं पाणी आलं असेल, ते पूस आणि जेव!

ते सगळं मी सोसलं असतं. पारख मात्र सोसवली नाही. कारण मीठ मी बघायचो. मी.

हे नीट कळायचं तर आमच्या घरचा रविवार माहीत पाहिजे. आमची आई मटण खात नाही. आम्हाला कळायला लागायच्या आधीपासून नाही. थोरला जन्मला तो मांजराच्या पिलाएवढा, जगतो का मरतो अशातला. आईनं नृसिंहवाडीच्या दत्ताला बोलून टाकलं, हे पोर जगू दे, मी जन्मात मटणाला तोंड लावणार नाही. पोर जगलं. आता त्याला बसायला दोन खुर्च्या लागतात. दत्तानं मागणीपेक्षा जरा जास्तच दिलं. पण आईनं शब्द पाळला. त्यात आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रविवारी मटणाशिवाय भाकरीकडं बघायचे नाहीत. म्हणजे घरात मटण करणारी एकच बाई, आणि तीच मटण न खाणारी.

ती ते घरात शिजवायचीही नाही. परसात तीन विटांची चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी; ती भांडी परसातल्याच खिळ्याला असायची, उंबऱ्याच्या आत यायची नाहीत. सगळं उरकलं की ती अंघोळ करायची, मग घरात यायची, आणि आम्ही आत हाडं फोडत असताना चुलीपाशी बसून भाकरी आणि खर्डा खायची.

पण तिचा रस्सा! माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. फोडणी पडली की गल्लीतली म्हातारी माणसं शिंकून शिंकून तरणी व्हायची. पलीकडच्या घरात सर्दीचं औषध म्हणून कधी काही आणलं नाही, रविवारी नुसती खिडकी उघडायचे. एकदा एका कावळ्यानं झाकण सरकलेलं बघून पातेल्यात चोच घातली, तो सरळ पन्हाळ्याच्या दिशेनं गेला तो परत आमच्या वॉर्डात दिसला नाही.

तर, न खाणारीनं मीठ कसं बघायचं? ती मला हाक मारायची. "मीठ बघ रे."

मटणाचं अळणी पाणी कोल्हापुरातल्या घराघरात पोरांना मिळतं, त्यात काही विशेष नाही. मला मिळायचा तो तांबडा. मसाला पडलेला, उकळ्या फुटत असलेला, वर बोटभर तेलाचा तवंग. पळीला तोंड लावायचं नाही, उष्टं होतं. म्हणून ती पळी तळहातावर ओतायची. उकळता रस्सा, उघड्या तळहातावर! मी हात मागं घेतला नाही. एकदाही नाही. त्या रश्श्यानं माझी आयुष्यरेषा पुसून गेली. पुढं एका ज्योतिषानं माझा हात बघितला आणि 'तुम्ही जिवंत आहात ना?' असं विचारून दक्षिणा परत केली.

मी हात चाटायचो, डोळे मिटायचो, जिभेवर रस्सा फिरवायचो. घाई करायची नाही. आई वाट बघत उभी असायची. अख्ख्या आठवड्यात त्या घरात माझ्या तोंडाकडं बघत कुणी उभं राहायचं ती तेवढीच वेळ. "कमी हाय थोडं," मी सांगायचो. ती पाठ फिरवून मिठाच्या बरणीत हात घालायची, मूठ पातेल्यावर नेऊन झाडायची, पळीनं ढवळायची. "आता?" पुन्हा एक पळी. पुन्हा तळहात. "आता जमलं." आणि अहो, खरंच जमलेलं असायचं! मघाचा रस्सा आणि आत्ताचा रस्सा, जमीन-अस्मानाचा फरक! चिमूटभर मिठानं पातेलं पालटायचं, आणि ते माझ्या सांगण्यावरून. घरात सगळी जेवायला बसली, आबांनी पहिला भुरका मारून 'वा!' म्हटलं, की मी मान खाली घालायचो. ती वा मला होती. हे फक्त मला आणि आईला माहीत होतं.

थोरल्याकडं सगळं होतं. नवा शर्ट त्याला, जुना झाला की मला. सायकल त्याला, मोडली की मला. पुस्तकं त्याची, त्यांच्यातल्या चित्रांना मिश्या काढून झाल्यावर माझी. पहिल्यापासून माझी, कुणी वापरून न टाकलेली अशी एकच गोष्ट होती, मीठ बघायचा मान. आणि तोच ह्यानं रंगवून, दिवे लावून, रस्त्यावर टांगला होता. म्हणून मी वाटी उचलली. म्हणून 'कमी हाय' म्हणालो. खरं सांगायचं तर जीभ रश्श्याला लागायच्या आधीच मी ते ठरवलं होतं. पण लागल्यावर तो निघालाही कमी, त्याला मी काय करू?

"पारख म्हणं!" मी पाटीकडं हात करून ओरडलो. "तू कवा बघितलंस रं मीठ? तू तवा लिंबं आणायला गेलेला असायचास! आई तुला लिंबाला पिटाळायची आणि मला परसात बोलवायची!"

थोरल्याचं तोंड पातेल्यातल्या तवंगासारखं लाल झालं.

"लिंबं घिऊन आल्यावर बोलवायची! मला! तवा तू आबास्नी हाक मारायला तालमीकडं गेलेला असायचास!"

"खोटं!"

"खोटं? हे बघ!" त्यानं शर्टची बाही वर केली आणि तळहात माझ्या नाकासमोर धरला. "हितं ओतायची! हितं! हा डाग दिसतुय का?"

"त्यो फटाक्याचा हाय! दिवाळीत बोंबललेला आठवतंय मला!"

"फटाका डाव्या हातात फुटला, लेका! ह्यो उजवा हाय!"

मीही माझा तळहात काढला. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, भर दुपारी, हॉटेलच्या मधोमध, ज्योतिषाकडं आल्यासारखे हात पसरून उभे. एक पोरगी मोबाईल वर धरून रील करत होती. तिला वाटलं, हा उद्घाटनाचाच कार्यक्रम आहे; ती मला म्हणाली, "काका, जरा उजेडाकडं सरका." मी सरकलो. सत्याला उजेडाचं भय कशाला?

तेवढ्यात गडहिंग्लजचे पाहुणे उठले. उठले म्हणजे पंख्याचा वारा अडला. "ओ, गप बसा दोघंबी," ते म्हणाले. "हात कसलं दावताय? जीभ दावा. मालक, आतनं तीन वाट्या मागवा. एकीत मीठ कमी, एकीत जास्त, एकीत बराबर. दोघांचं डोळं बांधू. वळखंल त्यो खरा, चुकंल त्यो घरला."

सगळ्या हॉटेलनं टाळ्या वाजवल्या. थोरल्याला नाही म्हणता येईना, मला तर म्हणायचंच नव्हतं. वहिनी आत भटारखान्यात होत्या. सकाळपासून ऑर्डरी सांभाळून सांभाळून त्यांच्या कपाळावर कुंकवाचा ओघळ आला होता. थोरल्यानं आत ओरडून सांगितलं, "तीन वाट्या दे! कमी, जास्त आन् बराबर!" आतनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मग तीन वाट्या आल्या.

आमच्या डोळ्यांवर हात पुसायचे नॅपकिन बांधले. माझ्या नॅपकिनला कुणाच्या तरी सुक्या मटणाचा वास येत होता; तेवढीही सवलत मला नको होती, पण बोललो नाही. पाहुण्यांनी न्याय चोख ठेवला. पळीनं आमच्या तळहातावर रस्सा ओतत गेले, एकदा त्याच्या, एकदा माझ्या.

पहिली पळी. मी जिभेवर फिरवली. "अळणी," मी म्हणालो. "ह्यात मिठाची पिशवी नुसती लांबनं दावलीया."

"ह्योच आईचा!" थोरला ओरडला. "ह्योच! अगदी ह्योच!"

"बघा, बघा ह्याची पारख!"

दुसरी पळी. ती लागल्याबरोबर माझे कान तापले. "खारट. रत्नागिरीला पोचलो मी."

"अळणी!" थोरला म्हणाला. "ह्यात मीठच न्हाय. आजाऱ्याला द्यायचं हाय का कुणाला?"

तिसरी पळी. आणि इथं, खोटं बोलत असेन तर ही जीभ झडू दे, माझ्यासमोर परस उभं राहिलं. तीन विटा, धूर, खिळ्याला टांगलेली पळी. "ह्यो," मी म्हणालो. "ह्यो माझ्या आईचा रस्सा."

"ह्यो तर समुद्र हाय!" थोरला म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीच्या पायाशी थुंकला. स्वतःच्या हॉटेलात, उद्घाटनाच्या दिवशी. म्हणजे त्याच्याही मनाला किती लागलं होतं, बघा.

आम्ही नॅपकिन काढले आणि एकमेकांच्या अंगावर गेलो. तो म्हणाला, माझ्या जिभेला कातडं आलंय. मी म्हणालो, त्याला जीभच नाही, ती जागा दातांनी भाड्यानं घेतलीय. त्यानं माझी कॉलर धरली. मी त्याच्या ॲप्रनची दोरी धरली. ॲप्रनवरही तेच वाक्य छापलं होतं, जिभेची पारख. पाहुणे आमच्या मधे, दोन्ही हात पसरून. "ओ वहिनीसाब!" त्यांनी आत हाक मारली. "बाहेर या की! कुठल्या वाटीत काय हुतं ते सांगा, न्हाईतर हितं खून पडतोय!"

वहिनी बाहेर आल्या. हातात झारा. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "आत बघा कितकी ताटं तटल्यात. कुणाला वेळ हाय वाटी-वाटीत मीठ मोजायला? तिन्ही एकाच पातेल्यातल्या हायत."

आणि परत आत गेल्या.

जो हशा पिकला! गडहिंग्लजचे पाहुणे टेबलावर डोकं ठेवून हसत होते, टेबल हलत होतं, टेबलावरच्या वाट्या खळखळत होत्या. क्लासची पोरं आता खिडकी सोडून दारात आली होती. वहिनी खोटं बोलल्या असं माझं आजही मत आहे. तिसऱ्या वाटीत फरक होता. मला कळतं.

थोरला काही हसला नाही. मीही नाही. तो घाम पुसत काउंटरपाशी गेला आणि आईच्या खुर्चीसमोर थांबला.

"तूच ऐक आता," तो मला म्हणाला, आणि ह्या वेळी ओरडला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली. "आई जर म्हणाली, तू बघायचास, तर ही पाटी आत्ता उतरवतो. माणूस चढवून, ह्या सगळ्यांच्या समोर. तुझं नाव रंगवून परत लावतो."

"आणि ती तुझं नाव म्हणाली," मी म्हणालो, "तर मी इथं दारात बसून लोकांची चपलं सांभाळीन. जन्मभर!"

मी तिच्या पायाशी बसलो. थोरलाही बसला, त्याला जरा वेळ लागला. एकजण हाड फोडत होता तो थांबला. त्या रील करणाऱ्या पोरीचा मोबाईल आईच्या तोंडाजवळ आला.

"आई," मी म्हणालो, "खरं सांग. कुणाची भीडभाड नको. परसात मीठ कोण बघायचं?"

आईनं हातातली पाकळी सोलून पुरी केली. साल फुंकून टाकलं.

"कुणीबी न्हाय."

"म्हंजे?" थोरला म्हणाला.

"मसाला वाटतानाच मीठ घालून मोकळी व्हायची. मी खाईत न्हाय म्हणून मला मीठ कळत न्हाय व्हय? पोरांच्या जिभंवर रांधायचं म्हटलं तर झालंच मग."

"अगं पण मी 'कमी हाय' म्हणालो की तू टाकायचीस की!" माझा आवाज फाटला. "बरणीत हात घालायचीस, मूठ झाडायचीस! मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी!"

"मूठ रिकामी असायची."

थोरल्याच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. "आणि माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळीबी."

हसू तिथंच थांबलं. वरच्या कंदिलातला बल्ब लुकलुकत होता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो, हात अजून रश्श्यानं माखलेले, आणि दोघांच्याही तोंडातनं एकदमच निघालं,

"मग बोलवायचीस कशाला?"

आईनं ओटीतली पुढची पाकळी घेतली.

"मटण शिजंपतूर दम निघत न्हवता तुमास्नी."